भिंगरीच्या गाण्यातली शिट्टी

मी एक कानाचं मशीन. डॉक्टर मला श्रवणयंत्र म्हणतात, पण ज्यांच्या कानामागे मी बसतो ती माणसं नुसतं 'मशीन' म्हणतात, आणि तेही आवाज खाली आणून.

माझा जन्म एका मोठ्या, थंडगार खोलीत झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका भिंगाखाली वाकून, चिमट्यानं आमचे बारीकबारीक अवयव जोडत होत्या. सगळ्यात शेवटी वरचं कवच चढवायचं. त्यांच्यासमोरच्या खोक्यांत निरनिराळी कवचं होती. गोरी, गव्हाळ, सावळी, काळी. लाल किंवा निळं एकही नव्हतं. मला गव्हाळ मिळालं. चष्म्यांचं बघा, त्यांना सोनेरी काड्या असतात, माणसं आरशासमोर मान वळवून वळवून ते पसंत करतात. माझा रंग मात्र मी कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून ठरवलेला होता.

मी ज्यांच्या कानात गेलो त्यांना मीही बाबाच म्हणतो, कारण त्या घरात तीच हाक होती. बाबा पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात प्रेसवर होते. पत्र्यातून झाकण ठोकून काढायचं, पुढचा पत्रा सरकवायचा, पुन्हा ठोकायचं. ठाण ठाण दिवसभर. कानात घालायला बोळे मिळत, पण ते घातले की शेजारच्याची चेष्टा ऐकू येत नसे, म्हणून बाबा ते खिशातच ठेवत. थट्टामस्करीवर त्यांचा फार जीव.

कान एकदम गेले नाहीत. आधी पाखरं ऐकू येईनाशी झाली, मग दाराची घंटा, मग बायकोचा आणि मुलीचा आवाज. कुणी बोलतंय एवढं कळे, काय बोलतंय ते कळेना. शेवटी आईनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, हात धरून त्यांना कानाच्या दवाखान्यात नेलं. तिथे त्यांच्या कानात गुलाबी लगदा भरून साचा घेतला, त्या साच्याला नळी जोडली आणि नळीला मला जोडलं. बाहेर पडल्यावर पायऱ्या उतरताना बाबा मध्येच थांबले.

"हा बूट इतकी वर्षं असा कुरकुरतोय," ते म्हणाले, "आणि मला कुणी सांगितलं नाही?"

आई हसत राहिली. मला वाटलं, चला, चांगलं घर मिळालं.

माझी एक खोड आधीच सांगून टाकतो. मी कानात सैल बसलो, किंवा कुणाचा हात माझ्या फार जवळ आला, की माझाच आवाज फिरून माझ्यात शिरतो आणि मी शिट्टी घालतो. बारीक, लांब, कर्कश. मला ती आवरत नाही. आणि ती नेमकी जिथे सगळे गप्प असतात तिथेच वाजते.

बाबांना माझा उपयोग होता, पण मला मिरवणं त्यांना जमलं नाही. बसमध्ये ते माझा कान खिडकीकडे येईल असे बसत. फोटोच्या वेळी मी खिशात. लग्नकार्यात मी खिशात, आणि मग तिथे कोण काय बोललं ते आईनं घरी आल्यावर सांगायचं.

त्यांना एकच मुलगी. लहानपणी ती घरभर गरगर फिरायची म्हणून बाबांनी तिचं नाव भिंगरी ठेवलं, आणि पाळण्यातलं नाव मागेच पडलं. गळा उपजतच गोड. शाळेच्या कार्यक्रमात ती गायला उभी राहिली तेव्हा बाबा पुढून दुसऱ्या रांगेत होते. नीट ऐकू यावं म्हणून त्यांनी कानामागे तळहात धरला, आणि मी वाजलो. सगळ्या रांगांमधली डोकी आमच्याकडे वळली. भिंगरीनंही पाहिलं. मग तिनं मान दुसरीकडे वळवली आणि सबंध गाणं त्या बाजूच्या भिंतीला म्हणून दाखवलं. घरी येताना ती आमच्या पुढे पुढे चालत होती. पुढच्या वर्षी कार्यक्रम असल्याचं आम्हाला तो होऊन गेल्यावर कळलं.

घरात मात्र तसं काही नव्हतं. घरात बाबांच्या ऐकण्याची रोज मजा चालायची, आणि बाबा त्यात सगळ्यांच्या पुढे. आई म्हणायची, "नळ गळतोय," तर बाबा म्हणायचे, "गळा धरलाय? मिठाच्या गुळण्या कर." चूक कळली की स्वतःच मांडीवर थाप मारून हसायचे. कधीकधी ते नीट ऐकूनही मुद्दाम वेडंवाकडं बोलत. मला कळायचं, कारण शब्द तर माझ्यातूनच गेलेले असायचे. पण मी कशाला कुणाला सांगतोय.

कॉलेज संपवून भिंगरी एका बुटांच्या दुकानात काउंटरवर लागली. मैत्रिणीची जुनी गिटार तिनं मागून आणली. संध्याकाळी न्हाणीघरात दार लावून बसायची, कारण तिथे आवाज घुमतो. दाराबाहेर बाबा पेपर वाचत बसलेले असत. त्यांना आतून नुसता गुंजारव ऐकू यायचा. मला शब्द ऐकू यायचे. मला सगळंच ऐकू येतं. माझ्यापुढचा कान थकलेला आहे, तिथे पोचेपर्यंत शब्दांच्या कडा झिजतात.

एका गाण्यावर ती बरेच दिवस अडून बसली होती. संथ चालीचं गाणं होतं.

*मी म्हणाले, जीव जडला,*
*बाबा म्हणाले, जिना पडला?*
*मी म्हणाले, जाऊ दे ना,*
*बाबा म्हणाले, जेवू दे ना.*

आणि मध्ये मध्ये बाबांचंच वाक्य, त्यांच्याच हेलात: *काय म्हणालीस? जरा मोठ्यानं बोल.* असं मुलगी एकेक मनातलं सांगत जाते आणि बाप भलतंच ऐकत जातो. शेवटचं कडवं मात्र वेगळं होतं.

*मी काहीच म्हणाले नाही,*
*बाबा म्हणाले, ऐकलं गं.*

ते कडवं तिनं पहिल्यांदा म्हटलं तेव्हा आई हातातलं काम टाकून न्हाणीघराच्या दाराशी येऊन उभी राहिली होती. बाबांनी पेपरमधून डोकं वर काढून विचारलं, "काय झालं?" आईनं मानेनंच सांगितलं, काही झालं नाही.

हे गाणं भिंगरीनं मोबाइलवर म्हणून लोकांसाठी टाकलं. ते या हातातून त्या हातात फिरत एका संगीत निर्मात्याच्या कानावर गेलं. तो घरातही टोपी घालून असे, म्हणून सगळे त्याला टोपीच म्हणत. त्यानं तिला स्टुडिओत बोलावलं. अनोळखी जागी मुलीनं एकटीनं जायचं नाही, असं आईनं बजावलं आणि बाबांना बरोबर पाठवलं. वाटेत बसमध्ये भिंगरी सारखी माझ्याकडे बघत होती.

स्टुडिओत भिंतींना जाड स्पंज लावलेला. मध्ये काच. काचेच्या अलीकडे टोपी, त्याची बटणं आणि एक कोच, पलीकडे माइक. बाबा कोचावर मागे टेकले, मी स्पंजला घासलो आणि वाजलो. भिंगरी लाल झाली.

"बाबा, ते काढून द्या ना जरा. रेकॉर्डिंगमध्ये येईल."

बाबांनी लगेच काढून दिलं. मला बंद करायचं तर माझ्या बॅटरीचं दार उघडावं लागतं. तिला ते ठाऊक नव्हतं. तिनं मला मुठीत घट्ट धरलं आणि तशीच माइकसमोर जाऊन उभी राहिली. बंद मुठीत मी गप्प राहीन कसा? पहिल्याच कडव्याशेवटी मी शिट्टी घातली.

"थांब," पलीकडून टोपीचा आवाज आला. "ही कसली शिट्टी?"

भिंगरीची मूठ घामानं ओली झाली. "खेळणं आहे. शेजारच्या बाळाचं. चुकून हातात आलं."

"भारी आहे. परत वाजव."

तिनं काचेतून बघितलं. टोपीच्या मागे बाबा कोचावर बसून होते. कानात काहीच नव्हतं, त्यामुळे सगळं छान चाललंय असं समजून त्यांनी तिला अंगठा दाखवला. तिनं मूठ आवळली. मी वाजलो. पुन्हा आवळली, पुन्हा वाजलो. टोपीनं ती शिट्टी उचलून गाण्याच्या प्रत्येक ओळीमागे बसवली. चाल दुप्पट जलद केली. मग म्हणाला, "शेवटचं कडवं उडवू या. तिथे नाचणारा माणूस थांबतो."

"पण त्यातच तर बाबा..."

"बाबा आधीच्या तीन कडव्यांत आहेत की."

तिनं मुठीतल्या माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरं."

बाहेर आल्यावर तिनं मला रुमालानं पुसून बाबांना परत दिलं. त्यांनी मला कानात बसवलं आणि विचारलं, "छान झालं?"

"हो," भिंगरी म्हणाली आणि पुढे चालू लागली.

गाणं आलं आणि वणव्यासारखं पसरलं. बसमध्ये तेच, सलूनमध्ये तेच, हॉटेलात तेच, लग्नाच्या मंडपात वरातीपुढे तेच. पोरं गल्लीत खेळता खेळता तोंडानं माझी शिट्टी घालायची आणि ओरडायची, "काय म्हणालीस? जरा मोठ्यानं बोल." बस थांब्यावर भिंगरीचं भलंमोठं चित्र लागलं, एक हात कानामागे धरलेला. तिनं केस रंगवले. बुटांचं दुकान सुटलं, जिथे काउंटरवर उभी होती त्याच दुकानानं तिला जाहिरातीत घेतलं. पुरस्कार मिळाला. लिफ्ट असलेल्या इमारतीत तिनं आईबाबांना नवं घर घेऊन दिलं आणि स्वतः वेगळी राहू लागली. बाबांनी दिलेलं घरातलं नाव आता सगळ्या जगाच्या तोंडी होतं.

आणि बाबा? बाबांच्या आनंदाला पारावार नव्हता. ढोलाच्या दणदणाटात त्यांना गाण्यातलं एक अक्षर लागत नसे. माझ्यातून नुसता धडधडाट जायचा. त्यांनी एकदा आईला विचारलं, "आहे तरी काय गं गाण्यात?"

"घरातलंच आहे काहीतरी," आई म्हणाली. "प्रेमाचं."

तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं. सलूनमध्ये गाणं लागलं की ते छाती पुढे काढून सांगायचे, "माझी मुलगी आहे ती." एकदा केस कापणारा मुद्दाम पुटपुटत काहीतरी बोलला. बाबा म्हणाले, "काय म्हणालास? जरा मोठ्यानं बोल." सगळं सलून हसून लोटपोट झालं. बाबाही हसले. थट्टेत सामील व्हायची त्यांची जुनी सवय. हळूहळू हे सगळीकडेच व्हायला लागलं. कारखान्याच्या दारात, भाजीच्या गाडीपाशी, लिफ्टमध्ये. लोक त्यांच्याशी मुद्दाम हळू बोलायचे आणि ते 'काय?' म्हणायची वाट बघायचे.

एका संध्याकाळी ते घरी आले आणि बूट काढता काढता आईला म्हणाले, "माणसं फार खूश आहेत गं तिच्यावर. मला बघितलं तरी हसतात."

आईनं ओट्याकडे तोंड फिरवलं आणि उगाच नळ सोडला. मी त्यांच्या कानामागेच होतो. मला त्या वेळी फुटून जावंसं वाटलं. लोक जी शिट्टी घालून त्यांना चिडवत होते ती माझीच होती, आणि त्यांना ती तेवढीच ऐकू येत नव्हती.

भिंगरीचं घरी येणं कमी झालं. आली की हातात काहीतरी भेट असायची. घड्याळ, पाय दाबणारी खुर्ची, गरम कपडे. बाबांच्या तोंडाकडे ती फारसं बघत नसे. एकदा आली आणि म्हणाली, "बाबा, आता तुम्हाला नवं मशीन घेऊ. एवढंसं असतं, आत बसतं. कुणालाच दिसत नाही."

बाबांनी मला बोटानं चाचपलं. "हे काय वाईट आहे? पण घेऊ, तू म्हणतेस तर."

दवाखान्यात आता कान तपासणारी एक नवी, तरुण बाई होती. भिंगरी डोक्यावर टोपी, डोळ्यांवर गॉगल, तोंडावर कापड अशा थाटात काचेपलीकडे बसून राहिली, लोकांनी ओळखू नये म्हणून. बाई बाबांना आतल्या बंद खोलीत घेऊन बसली. तिथे बाहेरचा एकही आवाज येत नाही, आतलं बोलणं मात्र बाहेर बसलेल्यांना स्पीकरवर ऐकू येतं.

"काका, आधी जुनं मशीन किती काम देतंय ते बघू." तिनं मला वायर लावून संगणकाला जोडलं. कुठे आवाज वाढवला, कुठे कमी केला. इतकी वर्षं कुणी माझी अशी नीट जुळणी केली नव्हती. मग ती एकेक शब्द म्हणू लागली आणि बाबा तो परत म्हणू लागले. घर. पान. मासा. शिडी. सगळे बरोबर.

"वा काका. आता वाक्यं घेऊ. कंटाळवाणी नको, गाणंच घेऊ, सगळ्यांना आवडतं ते. याचं बिनवाद्यांचं, नुसत्या आवाजाचं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. मी ओळ लावते, तुम्ही परत म्हणा."

काचेपलीकडे भिंगरी उठून उभी राहिली. तिनं हातानं काहीतरी खूण केली, पण बाईची तिच्याकडे पाठ होती.

पहिली ओळ वाजली. "मी म्हणाले, जीव जडला," बाबांनी म्हटलं.

दुसरी. "बाबा म्हणाले, जिना पडला." ते हसले. आवाज ओळखला आणि शब्दही ओळखले. घरात त्यांनी खरंच असं ऐकलं होतं, तो दिवस त्यांना आठवला असणार.

तिसरी ओळ ते जरा थांबून म्हणाले. चौथी आणखी हळू. मग वाजलं, *काय म्हणालीस? जरा मोठ्यानं बोल.* आणि त्यामागे ध्वनिमुद्रणातलंच लोकांचं हसणं. टोपीनं ते नंतर घातलं होतं.

"म्हणा काका."

"काय म्हणालीस," बाबा म्हणाले. "जरा मोठ्यानं बोल."

"छान. आणि हा बारीक आवाज येतोय का? कसला आहे सांगता येईल?"

"शिट्टी आहे," बाबा म्हणाले. "मशीनची."

"शाब्बास," बाई हसून म्हणाली. "सगळं ऐकू येतंय की तुम्हाला."

"हो. सगळं ऐकू येतंय." त्यांनी काचेकडे पाहिलं. भिंगरीनं गॉगल काढला होता. दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि मग बाबांनीच नजर खाली घातली. लाज तिला वाटायला हवी होती, वाटतही होती, पण मान त्यांची खाली गेली. ते मला अजून विसरता येत नाही.

"हे मशीन चालतंय," ते उठत म्हणाले. "नवं नको."

गाडीत बसताच त्यांनी मला काढून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. बॅटरीचं दार उघडायचं राहिलं, म्हणून मी ऐकत होतो. भिंगरी सगळ्या रस्ताभर बोलत होती. शेवटचं कडवं होतं म्हणाली. टोपीनं काढलं म्हणाली. इतकं चालेल असं वाटलं नव्हतं म्हणाली. त्यांना ऐकू जात नाही हे तिला माहीत होतं, आणि मला वाटतं, म्हणूनच तिला बोलता येत होतं. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

त्या दिवसापासून बाबांनी 'काय?' म्हणणं सोडलं. मला कानात घालत, पण कुणी काही बोललं आणि कळलं नाही की नुसती मान हलवत. आईनं चहा विचारला तरी हो, कॉफी विचारली तरी हो. सलूनला जाणं बंद केलं. एकदा लिफ्टमध्ये शेजारचे गृहस्थ म्हणाले, "काल आमची आई गेली." लिफ्टची घरघर चालू होती. बाबा हसून म्हणाले, "वा, छान." त्या गृहस्थांचा चेहरा बघून काहीतरी चुकलं हे त्यांना कळलं, पण काय ते विचारायची त्यांची हिंमत झाली नाही. नंतर आईनं त्यांच्या दारात जाऊन हात जोडले.

आईनं हे भिंगरीला फोनवर सांगितलं. "तुझं गाणं झालं," ती म्हणाली, "आणि माझ्याशी बोलणारं माणूस गेलं."

चार दिवसांनी टीव्हीवर भिंगरीची मुलाखत लागली. आईनं बाबांना समोर बसवलं. मुलाखत घेणारा शिट्टीबद्दल बोलला तेव्हा भिंगरी रडू लागली. म्हणाली, ते गाणं माझ्या वडिलांवर आहे, ती शिट्टी त्यांच्या कानाच्या मशीनची आहे, मी त्यांची माफी मागते. समोरच्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. बाबा उठून आत गेले.

सकाळी दारात कॅमेरे उभे. आतापर्यंत ओळखीच्या चार जागी चेष्टा होती, आता सगळ्यांना पत्ता मिळाला. कुणी म्हणालं, "काका, ते वाक्य एकदा म्हणा ना." कुणी म्हणालं, "मशीन दाखवा." एकानं माइक थेट माझ्यापाशी आणला, बाबांनी हात आडवा घातला, आणि मी वाजलो. सगळ्यांनी जल्लोष केला. बाबांनी दार लावलं, मला काढलं आणि माझ्या छोट्या डबीत ठेवून डबी कपाटात टाकली.

तिथे अंधारात माझी बॅटरी संपली. पुढचं काही मला माहीत नाही. जाग आली तेव्हा मी भिंगरीच्या तळहातावर होतो. तिनं नवी बॅटरी घातली होती. रंग उतरलेले केस मागे बांधलेले. समोर पलंगाच्या कडेला बाबा बसलेले. ती मला त्यांच्या कानात बसवायला लागली, पण तिला ते येतच नव्हतं. साचा उलटा धरला, नळी पिळली, बाबांना दुखलं. मी वाजायला लागलो ते थांबेचना. बाबांनी शेवटी तिचं बोट धरून साचा कसा फिरवायचा ते दाखवलं. मी गप्प झालो.

"माझी माफी मागायची होती तर माझ्याकडे मागायची," बाबा म्हणाले. "त्यांच्याकडे कशाला मागितलीस?"

तिनं बॅटरीचा रिकामा कागद बोटांत चुरगाळला.

"कडवं होतं म्हणे शेवटचं. आईनं सांगितलं. कुणी काढलं?"

"टोपीनं... नाही. मी काढू दिलं."

"हं."

"पण बाबा, घरात तर तुम्ही पण हसायचात."

"तेव्हा आपण तिघं होतो गं."

ती खाली बसली. मग त्यांच्या तोंडाकडे बघत, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "मला तुमची लाज वाटायची. गाण्याच्या आधीपासून. शाळेपासून."

बाबांनी हे नीट ऐकलं. मी ते जसंच्या तसं पोचवलं, नको असतानाही.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "तू माझ्याकडूनच शिकलीस. मी हे मशीन चोरीचा माल असल्यासारखं लपवत आलो. पोरीनं दुसरं काय बघायचं?"

तिनं त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. बाबांचा हात जरा वेळ अधांतरी राहिला आणि मग तिच्या केसांवर आला. "उठ," ते म्हणाले. "जेवायचं आहे ना?" त्यांनी माफ केलं, असं मी म्हणणार नाही. त्यांनी तसं कधी म्हटलं नाही आणि तिनंही पुन्हा विचारलं नाही.

गाणं काही परत घेता येत नाही. भिंगरी ते आता म्हणत नाही. कार्यक्रमात लोक मागणी करतात, ती नाही म्हणते, काही जण उठून जातात, उरलेले तिच्याशिवायच म्हणतात. तिची नवी गाणी चालतात, पण तेवढी नाही. टोपीनं दुसरी मुलगी शोधली. भिंगरी आता दर आठवड्याला घरी येते, बाबांच्या समोर बसून बोलते आणि जाताना माझी नळी साफ करते. पहिल्या वेळी नळीतला मळ बघून तिनं तोंड वाकडं केलं होतं. आता करत नाही.

बाबांनी पुढे नवं मशीन घेतलं, पण कानामागचंच, दिसेल असं. माझी कुरबूर वाढली होती, वय झालं होतं. बाबांनी मशीन बदललं हे कळताच एक माणूस घरी आला. त्या गाण्यातली शिट्टी म्हणून मला काचेच्या पेटीत ठेवायचं म्हणत होता, लोक बघायला येतील. बाबांनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "ते कानात राहायला हवं. काचेत बसून काय ऐकणार?" त्यांनी मला दवाखान्यात नेऊन दिलं. त्या तरुण बाईनं मला उघडून दुरुस्त केलं, पुसलं, आणि म्हणाली, "काका, त्या दिवशी मला माहीत नव्हतं." बाबा म्हणाले, "तुम्ही तुमचं काम चोख केलंत."

आता मी एका आजींच्या कानामागे आहे. त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. सबंध आयुष्य त्यांनी लोकांचे आवाज एकमेकांना जोडून दिले. त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्यावरून केस ओढून घेतले. काल जेवणाच्या टेबलाशी मुलगा काहीतरी बोलला, सून हसली, नातवंडं हसली. आजींनी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही आई. जाऊ दे. तुम्ही जेवा."

आजींनी मान हलवली आणि घास उचलला. मी ते हलणं ओळखतो.

माझं एवढंच मागणं आहे. मी आवाज आणून सोडतो, पुढचं तुमच्या हातात आहे. तुमच्या घरात कुणी 'काय झालं' विचारलं, तर त्यांच्याकडे तोंड करा आणि पुन्हा सांगा. विनोद साधाच असेल, दुसऱ्यांदा सांगताना त्यातली मजा जाईल, तरी सांगा.